जास्वंदीचं पाणी

माझ्या शाळेत प्रयोगशाळा नाही. एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात परीक्षानळ्या आणि खालच्या कप्प्यात गणपतीच्या सजावटीचं सामान. त्यामुळे माझी प्रयोगशाळा मी खांद्यावर घेऊन फिरते. जाड कापडाची मोठी पिशवी आहे. तिच्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची टोपणं, सलाईनच्या रिकाम्या नळ्या, सुया काढलेल्या सिरिंज, जुन्या चष्म्यांची भिंगं, शर्टाची काळी-पांढरी बटणं, हळद फासून वाळवलेले कागद. शाळेत नवीन लागलेले गणिताचे सर एकदा म्हणाले, "मॅडम, भंगारवाला आला समजून पोट्टे गेटकडे धावले." म्हटलं, धावू द्या, धावत येऊन शिकतील तरी.

मी हे ताठ मानेनं सांगते, कारण मला तो हक्क आहे. माझं माहेर माळवं पिकवणारं. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली, आणि बी.एस्सी. झालेली तर अख्ख्या आळीत पहिली. अमरावतीच्या कॉलेजात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली ती पोरगी वांग्याचं पोतं एसटीच्या टपावर चढवून आलेली असायची, हे मला कोणी विचारलं नाही तरी सांगावंसं वाटतं. म्हणूनच पाठ करून आलेलं विज्ञान मला चालत नाही. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या पोरांची उतरवून काढायची पद्धत सगळीकडे आहे. माझ्या वर्गात ती मी बंद पाडली. माझं एक वाक्य पोरं माझी नक्कल करताना म्हणतात: "डोळ्यांनी पाहा, आणि मगच लिहा!"

नववीत माझा स्वतःचा मुलगा माझ्याच वर्गात आला. घरी आई, शाळेत मॅडम, असं आमचं ठरलं होतं. त्यानं ते इतकं पाळलं की एकदा घरीसुद्धा "मॅडम, भाजीत मीठ कमी आहे" म्हणाला.

आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझे मिस्टर ट्रॅकमन आहेत. रुळांवरून चालायचं, रूळ तपासायचे, सैल झालेलं ठोकायचं, खाली गिट्टी भरायची. उन्हाळ्यात रुळावर हात ठेवता येत नाही, तिथं हे दिवसभर. गाडी आली की बाजूला व्हायचं, इंजिनाच्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे खालून पाहायचं, गाडी गेली की पुन्हा कामाला लागायचं. त्या खिडकीत आपला पोरगा बसलेला पाहायचा, एवढी एकच इच्छा त्या माणसानं आयुष्यात धरली. दहावी, मग आयटीआय, मग रेल्वेची परीक्षा, मग इंजिन. पोराचीही तीच इच्छा. बापानं लादलेली नाही, त्याच्या अंगातच ती होती. आमच्या मागच्या अंगणातून सिग्नल दिसतो. बोलायला शिकला तेव्हापासून तो तिथं उभा राहून ओरडायचा, "लाल झाला! हिरवा झाला! मालगाडी सुटली!" कधी चुकला नाही. कॉलनीतली माणसं त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणतात.

त्या दिवशी आम्ल आणि आम्लारी शिकवायचं होतं. शाळेच्या कुंपणाला जास्वंद आहे. तिच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की जांभळट पाणी उतरतं. हे पाणी आम्लात पडलं की गुलाबी होतं, आम्लारीत पडलं की हिरवं. मागच्या वर्षी मी लिंबू, चिंच, साबण असं दिलं होतं आणि पोरांनी नुसत्या वासावरून सगळं ओळखलं होतं. म्हणून या वेळी मी हुशारी केली. लिंबूसत, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, मीठ, सगळं पाण्यात विरघळवलं. दिसायला सारखं पाणी, वास कशालाच नाही. टोपणांवर फक्त आकडे.

"वास घ्यायचा नाही, चव घ्यायची नाही," मी बजावलं. "नाक आणि जीभ खिशात ठेवा. फक्त डोळे."

दोघादोघांच्या जोड्या. माझ्या पोराच्या जोडीला एक चुणचुणीत मुलगी होती. थोड्याच वेळात तिचा आवाज आला, "मॅडम, हा आयकतच नाई. मी सांगतो का हे हिरवं झालं, तं हा म्हणते तू लिही मी सांगतो तसं!"

मी वही पाहिली. सगळं चुकलं होतं. सोड्याला आम्ल लिहिलं होतं, लिंबूसताला आम्लारी. अंदाजानं लिहिल्यासारखं. वर्गात सगळ्यांत हुशार पोरगा, आणि त्यात मॅडमचा.

"हे काय आहे?" मी दोन टोपणं त्याच्यासमोर धरली. एकात गुलाबी, एकात हिरवं. "हे कोणत्या डोळ्यांनी पाहिलंस?"

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, ड्रायवर हाय तो. त्याले सारं हिरवंच दिसते, गाडी थांबवतच नाई!"

वर्ग हसला. मी पण हसले असते. पण पोरगा हसला नाही. तो त्या दोन टोपणांकडे खूप वेळ पाहत राहिला, मान वाकडी करून, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग हळूच म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत, मॅडम."

मी टोपणं बाकावर ठेवली.

घरी आल्यावर मी अंगणात पेपर पसरला आणि मिरच्या ओतल्या. हिरव्या आणि पिकून लाल झालेल्या, मिसळून. म्हटलं, लाल लाल वेगळ्या काढ. त्यानं एक उचलली, दाबली, देठ पाहिलं, कडेला ठेवली. दुसरी उचलली, दाबली.

"हात लावायचा नाही. नुसतं बोट दाखव."

त्यानं हात मांडीखाली घेतले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आई, अंधार पडून राहिला. लाईट लाव ना."

अंगणात चांगलं ऊन होतं.

मग एकेक आठवायला लागलं. लहानपणी खडू उचलायच्या आधी तो मला खडूवर लिहिलेलं रंगाचं नाव विचारायचा. नावाचा कागद फाटलेल्या खडूनं त्यानं एकदा झाडाला तपकिरी पानं काढली होती. चित्रकलेचे सर म्हणाले, उन्हाळ्यातलं झाड आहे, छान. आम्ही ते चित्र फ्रिजवर लावलं होतं. कपडे घेताना दुकानात तो नेहमी माझ्याकडे पाहायचा. मला वाटायचं, लाजाळू आहे.

मी कॉलेजात हे शिकले होते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं आईकडून मुलाकडे येतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात; तिच्याकडे ते बऱ्याचदा आलेलं असतं तिच्या बापाकडून, पण तिच्यात ते झाकलेलं राहतं. दहावीला आनुवंशिकता शिकवताना मी बटणांचा खेळ घेते. एक पिशवी आईची, एक बापाची. आईच्या पिशवीत एक काळं बटण, एक पांढरं. न बघता हात घालायचा, जे हाताला येईल ते पोराचं. पोरांना हा खेळ भारी आवडतो. एखाद्याच्या हाती काळं आलं की आरडाओरडा होतो.

पण माझे बाबा? बाबांना रंग दिसत नाहीत, असं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रविवारी अचलपूरची एसटी धरली. तिथून पुढे गाव. बाबा वावरात पाणी देत होते. टमाट्याचे वाफे लागलेले, आई दुसऱ्या टोकाला तोडत होती. आमच्याकडे पहिल्यापासून अशीच वाटणी आहे. पाणी, नांगर, बाजार हे बाप्यांचं, तोडणी बायांची. बाबांनी कधी टमाटा, मिरची तोडलेली मी पाहिली नाही. कोणी म्हटलं तर चिडायचे. मला तो पुरुषी ताठा वाटायचा, आणि कॉलेजात असताना मी त्यावरून त्यांच्याशी भांडलेही होते.

मी घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं. "बाबा, पिकले पिकले टमाटे तोडून द्या मले."

"मी? तुही माय मेली का?"

"मेली नाई, हितंच हाय," वाफ्याच्या त्या टोकाहून आई ओरडली.

"तुमच्याच हातचे पायजे," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले. एकेक टमाटा चाचपायचे, दाबायचे, नाकाशी न्यायचे, तोडायचे. घमेल्यात पडलेल्यांत काही लाल होते, काही अजून पोपटी.

"बाबा, हा कोणत्या रंगाचा?"

"टमाट्याच्या."

आईच्या हातातलं टोपलं खाली आलं. ती हसायला लागली आणि मधेच थांबली. जवळ येऊन म्हणाली, "काहून इचारून राहिली? तुले कोणं सांगतलं?"

आईला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षीच तिच्या लक्षात आलं होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. "नवऱ्याची गोष्ट का गावभर करत फिरू? म्या म्हटलं, तोडणी मी करतो, तुमी पाणी द्या. झालं."

बाबा उठले. "मले ठाव हाय का मले ते दिसत नाई. तं काय अडलं माहं? पानी देल्लं, बाजार केला, घर बांधलं, तुले शिकवलं. काय अडलं?"

बाबांचं खरंच काही अडलं नव्हतं. वावरात सिग्नल नसतो.

मी पोराचं सांगितलं. बाबा पाइपातलं पाणी दुसऱ्या दांडात सोडायचे विसरले. ते आमच्या पायांत येऊन साचत राहिलं.

"मह्यापासून गेलं काय त्याच्यात?"

"तुमच्यापासून मले आलं, मह्यापासून त्याले."

"मंग तुले तं सारं दिसते."

"दिसते. तरी मह्यातून गेलं."

बाबा बाजारचा माणूस. थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजे माल मी भरला, अन तू पोचवला." मग तोंड फिरवून फावडं घेऊन दांडाकडे गेले. निघताना त्यांनी वांग्याची थैली दिली, ती माझ्याकडे न बघता दिली.

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांचे गोल, आत ठिपक्यांनीच लिहिलेला आकडा. माझ्या पोराला पहिल्या पानानंतर जवळजवळ काहीच दिसलं नाही. मला सगळे दिसत होते. मी त्याच्या मागे उभी राहून मनातल्या मनात वाचत होते, जसं काही माझ्या वाचण्यानं त्याला दिसेल.

"जन्मजात आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध नाही, ऑपरेशन नाही. बाकी नजर एकदम उत्तम."

"आणि रेल्वे? इंजिन?"

"इंजिन नाही, मॅडम. बाकी पुष्कळ कामं आहेत जगात."

पुष्कळ कामं आहेत. मी स्वतः हे वाक्य किती पालकांना सांगितलं असेल. पोरगा परत येताना स्कूटरवर मागे बसला होता. माझ्या पाठीला त्याचं कपाळ टेकलेलं होतं आणि पाठ ओली होत होती. मी स्कूटर हळू केली.

मिस्टरांना सांगितलं, तर ते आधी हसले. "त्याले दिसत नाई? अवं, तो सिग्नल सांगते रोज! मी आयकतो ना." त्यांनी पोराला अंगणात बोलावलं. "सांग, कोणता लागला?"

"लाल."

"पाह्य!" बाप जिंकल्यासारखा माझ्याकडे वळला.

मी पोराला विचारलं, "कसं ओळखलं?"

"सगळ्यात खालचा लागला ना. रेल्वेच्या सिग्नलला खालचा म्हणजे लाल."

मिस्टरांनी सिग्नलकडे पुन्हा एकदा पाहिलं. म्हणाले, "मंग? ओळखलं तं खरं. कसं का असेना." आणि मग, पहिल्यांदाच, "आमच्या घरात कोणाले नाई असं. हे तुमच्या माळव्यातलं आलं. शिकलेली बायको करून आणली, म्हटलं पोराचं भलं होईन."

एरवी मी सोडत नाही. पण माळव्यातलं आलं, हे खरं होतं.

मग मी जे केलं ते बी.एस्सी. झालेल्या बाईनं करायला नको होतं. मोबाईलवर जाहिरात पाहिली, रंग न दिसणाऱ्यांसाठी रंगीत काचांचा चष्मा, अकोल्यात मिळेल. मला माहीत होतं की डोळ्यात जे नाही ते काच आणून देत नाही. काच फक्त काही रंग अडवते. हे मी वर्गात जिलेटिनच्या कागदानं दाखवलेलं आहे. तरी शाळेला सुट्टी टाकली आणि पोराला घेऊन गाडीत बसले. तो रस्ताभर दाराशी उभा होता. समोरून गाडी आली की एरवी तो इंजिन कोणत्या जातीचं ते सांगतो. त्या दिवशी सांगितलं नाही.

दुकानदारानं लालसर काचांचा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि ठिपक्यांचं पान पुढे केलं. पोरगा वाकला. आणि ओरडला, "आई! आठ! आठ आहे इथं!"

मी दुकानातच डोळ्यांना पदर लावला. दुकानदारही खूश झाला. पोरगा चष्मा घालून दुकानाच्या पायरीवर गेला, रस्ता पाहायला. थोड्या वेळानं आत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"आकडा दिसते, पण बाकीचं बिघडते. लिंबाच्या झाडाखाली हिरवी रिक्षा होती म्हणे, मला काळी दिसली. आणि एका पोरीची ओढणी मी हिरवी म्हटली, तं पायरीवर बसलेले काका म्हणाले लाल आहे."

मी दुकानदाराला विचारलं, "रेल्वेच्या मेडिकलला हा चालते का?"

माणूस सरळ होता. "नाही चालत, मॅडम. ते आधी काढायला लावतात. पण पोराला बरं वाटते ना, घेऊन ठेवा." मी खरंच पर्स उघडली होती. पोरानंच माझा हात धरला. "राहू दे, आई. चाल."

आणि तरी मी थांबले नाही. थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

रेल्वेच्या भरतीचे क्लास घेणाऱ्या कोणाकडून तरी मिस्टरांनी ठिपक्यांच्या पानांच्या रंगीत झेरॉक्स आणल्या. मेडिकलला हीच पानं दाखवतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधीच बाप पान धरायचा आणि पोरगा सांगायचा. बारा. आठ. एकोणतीस. पोराची स्मरणशक्ती माझ्यावर गेली आहे. भराभर पाठ झालं. मिस्टरांचा चेहरा पुन्हा खुलायला लागला. "पाह्य, येते त्याले! उगाच डॉक्टर डॉक्टर करून राहिली."

पण पानं उलटसुलट केली की पोरगा अडायचा. मिस्टर चिडायचे, पान त्याच्या नाकाशी न्यायचे. मी भांडी घासता घासता ऐकत असायचे. आणि एक दिवस मी हात पुसले, पानं त्यांच्या हातातून घेतली आणि खाली बसले.

"असं नाही लक्षात राहत," मी म्हटलं. "रंग पाहूच नको. या पानाच्या डाव्या कडेला तीन मोठे ठिपके जवळजवळ आहेत, पाहा. ते दिसले की एकोणतीस. या पानावर वरच्या बाजूला फट आहे. फट म्हणजे आठ."

मी चांगली शिक्षिका आहे. आठवड्याभरात त्याला कोणतंही पान कुठूनही येऊ लागलं. मिस्टरांनी त्या दिवशी जिलेबी आणली. "हे काम तुह्यंच," म्हणाले, प्रेमानं. मी जिलेबी खाल्ली. पोरगा माझ्याकडे पाहत होता. त्याला माझं वाक्य पाठ होतं, तो म्हणाला नाही एवढंच.

मला इंजिन दिसत नव्हतं, इंजिनामागचे डबे दिसत नव्हते, डब्यातली माणसं तर नाहीच. मला फक्त माझ्या पाठीला टेकलेलं ते ओलं कपाळ आठवत होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत मिस्टर डबा घरीच विसरून गेले. त्यांची गँग फाटकाच्या पलीकडे काम करत होती. मी आणि पोरगा स्कूटरवर डबा घेऊन गेलो. जेवणाची वेळ झालेली. बाभळीच्या सावलीत माणसं टोप्या काढून बसली होती, कोणी कांदा फोडत होतं. एकजण झेंडे गुंडाळत उभा होता. काम चालू असलं की गँगमधला एकजण लाल झेंडा घेऊन लांब पुढे उभा राहतो. ड्रायव्हरला तो दिसला की गाडी थांबते, आणि रुळावर वाकलेली माणसं जगतात. एवढ्यावर सगळं चालतं. आमच्या मिस्टरांची सगळी नोकरी त्या कापडाच्या तुकड्यावर चालली आहे.

पोराला पाहून त्या झेंडेवाल्या काकांना लहर आली. "या या ड्रायवरसाहेब! कधी येता आमच्या लायनीवर?"

"चार-पाच वर्स थांबा," मिस्टर भाकरी मोडत म्हणाले. "आता सारे आकडे येतात त्याले."

"आकड्याचं काय करता भाऊ, आपला बावटा दिसला पायजे," काका म्हणाले, आणि फाटकाच्या रस्त्यानं बरेच लांब जाऊन उलटे वळले. हातातला एक झेंडा त्यांनी उलगडून धरला. उन्हानं विटलेला, ग्रीसचे डाग पडलेला, पण लाल. मागे बाभळीचं हिरवं. "बोला साहेब! थांबता का येता?"

मी पोराकडे पाहिलं. त्यानं डोळे बारीक केले. मान वाकडी केली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. झेंड्याला वर-खाली नसतं. कडेला मोठे ठिपके नसतात.

"येतो!" तो ओरडला. "हिरवा आहे!"

सगळी गँग खो खो हसली. त्यांना वाटलं पोरगा मस्करी करतोय. "मेलो बे सारे!" एकजण मागे पडला छाती धरून. "आधी तुह्या बापालेच घेतलं ना गाडीखाली!" दुसरा म्हणाला, "भाऊ, पोराले कमी मारलं वाटते लहानपणी, बदला घेऊन राहिला!"

मिस्टर हसत नव्हते. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तोंडापर्यंत गेला नाही. ते झेंड्याकडे पाहत होते, मग पोराकडे, मग आपल्या गँगच्या माणसांकडे, एकेकाकडे. पोरगाही हसण्याचा प्रयत्न करत होता आणि त्याला कळत होतं की बाप हसत नाही.

"लाल होता का?" त्यानं मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

डब्यातलं वरण तसंच राहिलं. परतताना पोरगा मागे बसला, पण कपाळ टेकलं नाही.

संध्याकाळी मिस्टर घरी आले, हातपाय धुतले आणि नेहमीसारखे आडवे झाले नाहीत. ओट्याजवळ आले. "ते तुह्यं फुलाचं पाणी कोणतं असते? मले दाखव."

मी शेजारच्या कुंपणावरची जास्वंद तोडून आणली. पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या. पिशवीतून दोन टोपणं काढली. एकात लिंबूसत, एकात सोडा. वरून दोन थेंब. एक गुलाबी झालं, एक हिरवं. मिस्टर ओट्यावर वाकून पाहत होते. इतकी वर्षं मी ही पिशवी घेऊन घरातून निघते; त्यांनी आतलं काही पाहिलेलं नव्हतं.

"काय सुंदर हाय," ते म्हणाले. मग पोराला हाक मारली. "तुले हे कसं दिसते? खरं सांग. चूक-बरोबर नको, कसं दिसते ते सांग."

पोरानं पाहिलं. "ओल्या मातीसारखं. दोन्ही."

बापानं टोपणांची अदलाबदल केली. "आता?"

"ओल्या मातीसारखं."

मिस्टरांनी कपाटावरून ठिपक्यांची पानं काढली, त्यांची घडी केली आणि आपल्या कामाच्या पिशवीत टाकली, परत करायला. पोरगा ते पाहत होता. ती पानं त्यानं किती मेहनतीनं पाठ केली होती.

"आई," तो म्हणाला, "मग आता मी काय करू?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला मी गप्प बसत नाही. येत नसेल तर म्हणते, उद्या पाहून सांगते. त्या दिवशी ते म्हणायचीही हिंमत झाली नाही. मी टोपणं धुवायला घेतली. धुतलेलीच पुन्हा धुतली.

तो मागच्या अंगणात गेला. मिस्टरही त्याच्या मागे गेले आणि थोडं अंतर ठेवून उभे राहिले. एक मालगाडी बाहेर ताटकळत होती, भोंगा देत होती. एरवी पोरगा ओरडला असता.

"खालचा लागला," तो म्हणाला. एवढंच.

बापानं सिग्नलकडे पाहिलं.

"हो," म्हणाले. "लाल हाय."